बालबोध अक्षरवळण : क्रम, आकार आणि सराव यांची चिकित्सा

मोडीच्या तुलनेत मुलांना सहज उमगणारी लिपी म्हणून देवनागरीस मराठीत ‘बालबोध’ हे नाव रूढ झाले. बालवर्गातील प्रचलित लेखनपद्धती मात्र या नावास कितपत न्याय देते, हा विचारणीय प्रश्न आहे.

पहिला दोष क्रमाचा. मराठी वर्णमाला उच्चारस्थानानुसार रचलेली आहे; हाताच्या सोयीनुसार नव्हे. तरीही लेखनाचा आरंभ ‘अ’सारख्या अवघड वळणाच्या अक्षराने केला जातो. वस्तुतः व, ब, क किंवा ग, म, न, भ असे आकारसाम्याचे गट केल्यास एका वळणाचा सराव पुढील अक्षरास उपयोगी पडतो. पाठांतराचा क्रम आणि लेखनाचा क्रम भिन्न असू शकतात, हे तत्त्व येथे दुर्लक्षिले जाते.

दुसरा दोष ठिपके जोडून गिरवण्याचा. ठिपके आकार दाखवतात. हात कोठून सुरू करावा व कोणत्या दिशेने न्यावा, हे सांगत नाहीत. परिणामी अक्षर दिसते बरोबर, पण हाताला चुकीची सवय लागते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात मराठी घरांतील अनेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यामुळे येथे आणखी एक गुंतागुंत संभवते. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते. हा भेद न सांगता दोन्ही लिप्या शिकविल्यास दोष मुलाच्या माथी येतो. त्यातच संगणकावरील अनेक टंकांत ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे असतात. शासनाने २००९ साली मराठी लिपीचे प्रमाणीकरण केले व २०२२ साली ते अद्ययावत केले. तरी छापील सरावपत्र एक वळण आणि फळा दुसरे वळण दाखवितो.

याचे उत्तर जुन्या ठाणे जिल्ह्यातच सापडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला (आता पालघर जिल्हा) नेलेले कार्य मॉन्टेसरी विचारावर उभे होते. त्या विचारात खरखरीत अक्षरावरून बोट फिरवणे आधी येते, पेन्सिल नंतर. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ३ ते ८ वयोगटासाठी खेळाधारित शिक्षणच पुरस्कारिले आहे.

सारांश, सुंदर हस्ताक्षराचा आग्रह गैर नाही. तयारीपूर्वीची सक्ती गैर आहे. अध्यापक विद्यालयांनी अक्षरवळणास केवळ सरावाचा नव्हे, तर अभ्यासाचा विषय मानणे आवश्यक आहे.