पिवळी टोपी आणि तिच्याखालचे डोके

हवालदार म्हटले की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर अजूनही निळा सदरा, निळी अर्धी चड्डी आणि चपटी पिवळी टोपी उभी राहते. वास्तविक हा पोशाख मुंबई शहराच्या शिपायाचा. जिल्ह्यांतले पोलीस खाकीत असत. एका शहराच्या टोपीला साऱ्या महाराष्ट्राच्या पोलिसाची टोपी केली ती आपल्या करमणुकीने, आणि ती करताना टोपीखालचे डोके मात्र गाळले. माझा आक्षेप एवढाच आहे.

मी राहतो त्या उल्हासनगर कॅम्प २ मधून हा फरक स्पष्ट दिसत असे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पोलीस ठाणे जिल्ह्याचे, म्हणजे खाकीतले. पिवळी टोपी पाहायची तर लोकल धरून मुंबईच्या हद्दीत जावे लागे. आमच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात खाकी म्हणजे घरचा पोलीस आणि पिवळी टोपी म्हणजे व्ही.टी.चा. पुढे शहर पोलीसही खाकीत आले आणि ही ओळख मिटली.

आमच्याच कॅम्पातल्या एका मराठी कुटुंबाकडे अशी एक टोपी आहे. घरातले आजोबा मुंबई पोलिसांत शिपाई होते. टोपीचा रंग आता हळदीच्या जुन्या डागासारखा झाला आहे आणि आतली पट्टी घामाने काळी पडली आहे. एका स्नेहसंमेलनातल्या विनोदी नाटुकल्यासाठी कोणी ती मागायला आले, तेव्हा घरच्यांनी दिली नाही. मागणाऱ्यांना राग आला म्हणे. मला मात्र त्या नकारात चांगली समीक्षा दिसते. टोपी रंगमंचावर गेली की ती हसण्यासाठीच जाणार, हे त्या घराने अचूक ओळखले होते.

लिखित इतिहासाचा हिशेबही फार वेगळा नाही. एस. एम. एडवर्ड्स १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांनी लिहिलेला मुंबई शहर पोलिसांचा इतिहास १९२३ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकाला तो टाळता येत नाही आणि मीही त्याचा ऋणी आहे. पण त्याची रचना पाहा. पहिले प्रकरण भंडारी मिलिशियाचे, म्हणजे इथल्याच माणसांचे. नंतर फोर्जेट येतात, सर फ्रँक साउटर येतात, आणि पुढची प्रकरणे एकेका साहेबाच्या नावाने सुरू होतात. शिपाई आहे, पण संख्येत आणि पगाराच्या रकान्यात. त्याची ओळख बक्कल नंबर. ज्याच्या डोक्यावर टोपी होती त्याला प्रकरण नाही.

१९७५ साली 'पांडू हवालदार' आला. दादा कोंडके आणि अशोक सराफ यांच्या जोडीवर मी मनमुराद हसलो आहे आणि पुन्हा हसेन. दादांचे मोठेपण असे की त्यांनी साहेबाला नव्हे, शिपायाला नायक केले. एडवर्ड्सना जे सुचले नाही ते दादांनी केले. प्रश्न नंतरचा आहे. 'पांडू' हे बोलीत साऱ्या शिपाईवर्गाचे नाव झाले. दादांचा पांडू एक माणूस होता, बोलीतला पांडू ही एक जात झाली. नंतरच्या कितीतरी फार्सांत दिग्दर्शकाने टोपी तेवढी उचलली, माणूस दादांकडेच राहिला. टोपी वाकडी करायची, ढेरी पुढे काढायची, दांडका आपटायचा, झाला हवालदार.

याच्या दुसऱ्या टोकाला १९८३चा 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी चित्रपट केला. 'घाशीराम कोतवाल'च्या लेखकाला हे ठाऊकच होते की पोलिसाची सत्ता उसनी असते. जो देतो तोच ती काढून घेतो. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर या उसनेपणाखाली पिचतो. त्या अभिनयाबद्दल खूप लिहिले गेले आहे. मी इथे त्याच्या बापाकडे बोट दाखवतो. अमरीश पुरींनी उभा केलेला तो गावाकडचा निवृत्त पोलीस पोराला जबरदस्तीने खात्यात ढकलतो, बायकोवर हात उगारतो. खालच्या पायरीवर जन्मभर उभे राहिलेल्या माणसाने घरात साहेब होणे म्हणजे काय, ते त्या थोड्या प्रसंगांत दिसते. तरीही कथा मुलाची, अधिकाऱ्याची आहे. बापाला चित्रपट कारण म्हणून वापरतो, त्याच्या आत शिरत नाही. 'अर्धसत्य'बद्दल माझी तक्रार असेल तर ती इथे आहे.

ती तक्रार तीव्र होते ती तारखांमुळे. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले होते. १८ ऑगस्ट १९८२. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. गिरणी संप त्याच वर्षीच्या १८ जानेवारीपासून चालू होता. पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, नेते पकडले गेले, शहरात लष्कर आणावे लागले आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या गाऱ्हाण्यांत घरांचा प्रश्न होता आणि साहेबांच्या घरची कामे करावी लागण्याचा अपमानही होता. म्हणजे पांडूवर हसणारे शहर आणि साहेबाची भाजी आणणारा पांडू एकाच काळातले.

गिरणी कामगाराला मराठीत कवी मिळाला, नाटक मिळाले, सिनेमा मिळाला. त्या संपात त्याच्यासमोर काठी घेऊन उभा राहणारा शिपाई बहुधा त्याच्याच गावचा, त्याच्यासारखाच दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा. सात महिन्यांनी तोही उठला. या दोघांना समोरासमोर उभे करणारे नाटक तेंडुलकरांना लिहिता आले असते. त्यांच्याकडे सामग्री होती, कान होता, आणि बापाचे ते पात्र तर लिहून तयारच होते.