तबकडीच्या दुकानातील शिफारस : समीक्षेचा एक उपेक्षित प्रकार

समीक्षेचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः ग्रंथ, नियतकालिक आणि व्यासपीठ या तीन ठिकाणी जाते. या तिन्हींच्या बाहेर, बाजाराच्या ऐन मध्यावर, समीक्षेचा एक अल्पाक्षरी प्रकार कित्येक दशके नांदत आला आहे. तबकड्यांच्या दुकानात काम करणारा मनुष्य आपल्याला अलीकडे आवडलेल्या एखाद्या ध्वनिमुद्रिकेविषयी किंवा चित्रपटाविषयी चार ओळी लिहितो, खाली आपले नाव घालतो आणि ती चिठ्ठी त्या वस्तूशेजारी मांडणीवर लावतो. एवढाच हा प्रकार. तो वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही आणि जाहिरात म्हणून कोणी विसरतही नाही. या दोहोंमधील त्याचे स्थान निश्चित करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातील 'अमीबा म्यूझिक' हे दुकान घेता येईल. १९९० मध्ये बर्कली येथे ते सुरू झाले. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील हेट स्ट्रीटवर, पूर्वी जेथे बोलिंगचा खेळ चाले अशा प्रशस्त वास्तूत त्याची दुसरी शाखा निघाली आणि २००१ मध्ये हॉलिवुड येथे तिसरी. या दुकानाने 'म्यूझिक वी लाइक', म्हणजे 'आम्हांला आवडणारे संगीत', या नावाच्या पुस्तिका काढल्या. त्यांत तिन्ही शाखांतील कर्मचारी आपापल्या नावानिशी नव्या ध्वनिमुद्रिकांची व चित्रपटांची शिफारस करतात. मांडणीवरील चिठ्ठीचेच हे संकलित रूप होय. पुस्तिकेच्या नावातील प्रथमपुरुषी क्रियापद अर्थपूर्ण आहे. 'श्रेष्ठ संगीत' असा दावा तेथे नाही. 'आम्हांला आवडते' एवढीच कबुली आहे.

या लेखनाला समीक्षा म्हणण्यास दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, यात केवळ स्तुती असते. दोषदिग्दर्शनाला तेथे जागाच नाही. दुसरा असा की, लिहिणारा हा विकणाराही असतो, आणि विक्रेत्याच्या स्तुतीला रसिकाच्या अभिप्रायाचे मोल कसे यावे? दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. परंतु त्यांची उत्तरे शोधण्यापूर्वी या लेखनाच्या भाषेकडे पाहणे आवश्यक आहे.

नादाचे शब्दांत वर्णन करणे दुष्कर असते, हे संगीतसमीक्षेच्या वाचकाला सांगावयास नको. स्वराला रंग, वजन, पोत वा चव चिकटवल्याखेरीज समीक्षकाचे वाक्य पुढे सरकत नाही. चार ओळींच्या चिठ्ठीत तर रूपकाच्या विस्तारालाही अवकाश नसतो. म्हणून ती दोन उपायांचा आश्रय घेते. पहिला उपाय वंशकथनाचा : 'अमुक वाद्यवृंद आणि तमुक गायिका ज्यांना प्रिय, त्यांनी हे ऐकावे.' दुसरा उपाय आज्ञार्थाचा. 'पहिली बाजू ऐकून तबकडी ठेवून देऊ नका. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गीतापर्यंत थांबा' असे एखादे वाक्य कल्पावे. या वाक्यात संगीताचे वर्णन मुळीच नाही. परंतु श्रोत्याचे लक्ष कोठे व केव्हा लागावे हे त्यात नेमके सांगितले आहे.

चित्रपटाची गोष्ट याच्या उलट आहे. गाणे सांगता येत नाही. चित्रपट मात्र फार सहज सांगता येतो. कथानक शब्दांत उतरते आणि उतरताच प्रेक्षकाचा आनंद उणावतो. त्यामुळे चित्रपटाची शिफारस करणाऱ्याला मौनाचे पथ्य पाळावे लागते : वातावरण सांगावे, गती सांगावी, एखाद्या नटाच्या मुद्रेचा उल्लेख करावा, पण शेवट सांगू नये. एकीकडे सांगता न येण्याची अडचण, दुसरीकडे सांगून न टाकण्याचा संयम. दोन्ही कलांच्या शिफारशी एकाच पुस्तिकेत शेजारी आल्या म्हणजे हा भेद स्पष्ट दिसतो. दोहोंतही चिठ्ठीचे अखेरचे उद्दिष्ट एकच राहते. वाचकाला वाचनावरून उठवून कलाकृतीकडे धाडणे, हे ते उद्दिष्ट होय.

अर्नोल्ड आयझेनबर्ग यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षाव्यवहारविषयक निबंधात नेमका हाच मुद्दा तात्त्विक पातळीवर मांडला होता. एल ग्रेको या चित्रकाराच्या एका चित्रातील आकृतींच्या चढत्या-उतरत्या बाह्यरेषेचे एका समीक्षकाने केलेले वर्णन त्यांनी उदाहरणादाखल घेतले. तशी रेषा शब्दांपुरती अन्यत्रही सापडेल. तेवढ्याने कोणतेही चित्र चांगले ठरत नाही. समीक्षकाच्या शब्दांचा अर्थ चित्र पाहतानाच पुरा होतो. शब्द हे प्रमाण नसून ते दृष्टीला दिलेले वळण असते. या विचाराच्या कसोटीस लावल्यास मांडणीवरील चिठ्ठी ही समीक्षेची हीन प्रत ठरत नाही. उलट, समीक्षेचे जे मूळ कार्य, त्याखेरीज इतर सर्व तिने गाळलेले असते, असेच म्हणावे लागते.

या कार्याचे एक मार्मिक दर्शन 'हाय फिडेलिटी' या चित्रपटात घडते. निक हॉर्नबी यांच्या १९९५ च्या लंडनमधील कादंबरीवरून स्टीफन फ्रिअर्स यांनी तो २००० मध्ये काढला आणि कथा शिकागो येथे नेली. त्यातील दुकानदार 'बीटा बँड' या वाद्यवृंदाच्या तबकडीच्या पाच प्रती आपण आता विकणार, असे सहकाऱ्याला हळूच सांगतो आणि ती वाजवावयास लावतो. तो गिऱ्हाइकांना एक अक्षर बोलत नाही. थोड्याच वेळात एक गिऱ्हाईक मान डोलावीत 'हे कोण?' असे विचारते. येथे शिफारस शब्दरहित झाली आहे. योग्य वेळी योग्य श्रोत्यांपुढे योग्य तबकडी ठेवणे एवढीच ती उरली आहे. त्याच चित्रपटात याचा विपर्यासही आहे. मुलीसाठी स्टीव्ही वंडर यांचे एक लोकप्रिय गीत मागणाऱ्या बापाला दुकानातील एक नोकर ते देण्याचे नाकारतो आणि त्याच्या अभिरुचीचा पाणउतारा करतो.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकाचे चार प्रकार नोंदविले आहेत : ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, गवतासकट सारे गिळणारा सतृणाभ्यवहारी, द्वेषामुळे गुण न पाहणारा मत्सरी, आणि विरळा असा तत्त्वाभिनिवेशी. बापाला परत पाठविणारा नोकर हा अरोचकीचा नमुना होय. आणि आलेला प्रत्येक माल 'अप्रतिम' म्हणणारा विक्रेता हा सतृणाभ्यवहारीचा. दुकानातील शिफारस या दोन्ही टोकांकडे ढळण्याचा धोका नेहमीच असतो. वंशकथनाच्या उपायातही हा धोका दडलेला आहे. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथामुळे परंपरेच्या अंगाने गायकी समजून घेण्याची दृष्टी मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु देशपांडे घराण्याचे नाव सांगून थांबत नाहीत; स्वर आणि लय यांच्या परस्परसंबंधातून ते घराण्याची उपपत्ती लावतात. चिठ्ठीला उपपत्ती परवडत नाही. ती नावांवर थांबते. ज्याला ती नावे ठाऊक नाहीत त्याच्यापुढे दार बंदच राहते. जाणकारांचे वर्तुळ जाणकारांशीच बोलू लागते आणि नवखा श्रोता हात हलवीत परत जातो. हा या प्रकाराचा खरा दोष आहे. केवळ स्तुती करणे हा नव्हे.

स्तुतीविषयीच्या आक्षेपाचे उत्तर आता देता येईल. आर. एम. हेअर यांनी 'चांगले' या शब्दाचे प्रधान कार्य वर्णन नसून प्रशंसापूर्वक निवड सुचविणे हे आहे, असे १९५२ मध्ये प्रतिपादिले. निवड सुचविणे म्हणजे इतर गोष्टी बाजूला ठेवणे. हजारो तबकड्या असलेल्या दुकानात एका कर्मचाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या मोजक्याच असतात. ज्या तबकडीशेजारी चिठ्ठी नाही तिच्याविषयीचे मौन हेच या समीक्षेतील दोषदिग्दर्शन. ते सौम्य असते, कधी अन्यायकारकही असते, कारण न आवडलेले आणि न ऐकलेले यांत मौन भेद करीत नाही. तथापि निवडीची मर्यादा जेथे कसोशीने पाळली जाते तेथे स्तुतीला मूल्य राहते. मर्यादा सुटली, प्रत्येक खणावर चिठ्ठी लागली, की उपमाने आणि अतिशयोक्ती कितीही वाढविली तरी ते मूल्य परत येत नाही.

विक्रेतेपणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे. एल. ऑस्टिन यांची १९५५ मधील व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे निवेदन करीत नाहीत, ती उच्चारणे हेच एक कृत्य असते, हा त्यांचा सिद्धांत सुविदित आहे. अशा क्रियापदांच्या वर्गीकरणात अधिकार बजावणाऱ्या क्रियापदांच्या गटात त्यांनी 'शिफारस करणे' याची गणना केली. या कृत्यांना सत्य-असत्य हे निकष लागत नाहीत. ती साधतात किंवा बिघडतात. बोलणाऱ्याला अधिकार नसेल तर कृत्य घडतच नाही. अधिकार आहे पण मनात तसा भाव नाही, तर कृत्य घडते, पण त्याचा दुरुपयोग होतो. अमेरिकेतील मोठ्या साखळी-दुकानांत दर्शनी खण आणि श्रवणाची जागा मिळविण्यासाठी ध्वनिमुद्रण-कंपन्या पैसे मोजीत असत, ही व्यापारी पद्धत सर्वज्ञात आहे. अशा ठिकाणी ठेवलेली तबकडी गिऱ्हाइकाला 'दुकानाची पसंती' भासते. वस्तुतः ती भाड्याने घेतलेली जागा असते. ऑस्टिन यांच्या परिभाषेत हा शिफारशीचा दुरुपयोग होय. चिठ्ठीवरील शब्द तेच राहतात, कृत्य मात्र निराळे होते. केवळ पाठाचे विश्लेषण करणाऱ्याला हा फरक कधीच सापडणार नाही, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

मग खऱ्या शिफारशीची खूण कोणती? ती चिठ्ठीच्या तळाशी असते. ते नाव म्हणजे नुसती सही नव्हे. ते उत्तरदायित्व आहे. ज्याने चिठ्ठी लिहिली तो गल्ल्यामागे उभा आहे. गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येऊन 'तुमचे ऐकून घेतले, पण जमले नाही' असे म्हणू शकते, आणि त्या उत्तरावरून शिफारस करणारा त्या श्रोत्याला अधिक ओळखू लागतो. नियतकालिकातील समीक्षकाला वाचकाचा चेहरा दिसत नाही; त्याची चूक त्याच्यापर्यंत क्वचितच परत येते. विक्रेत्याची चूक मात्र दार ढकलून आत येते. म्हणजे ज्या विक्रेतेपणामुळे त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका निर्माण होते, त्याच विक्रेतेपणामुळे तो प्रामाणिक राहण्यास बांधलाही जातो. एकदाच विकावयाचे असेल तर फसविणे परवडते. पुन्हापुन्हा विकावयाचे असेल तर परवडत नाही.

हा विचार आज करण्यास कारण आहे. न्यूयॉर्क येथे १९९५ मध्ये 'टॉवर रेकॉर्ड्स'च्या भव्य दुकानासमोर उघडलेले आणि कर्मचाऱ्यांच्या शिफारशींसाठी ख्यातनाम असलेले 'अदर म्यूझिक' हे लहानसे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. समोरचे भव्य दुकान २००६ मध्येच मिटले होते. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७० पासून चालत आलेले, नव्या तबकड्यांच्या सविस्तर टिपणांसाठी प्रसिद्ध असलेले 'अॅक्वेरियस रेकॉर्ड्स' हेही २०१६ मध्येच संपले. त्याच वर्षी मुंबईतील काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस'ने दार लावले. तेथील श्रवणकक्षांत आणि विक्रेत्यांच्या सल्ल्याने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांचा कान घडला होता. २०१५ मध्ये 'स्पॉटिफाय'ने प्रत्येक श्रोत्याला दर आठवड्यास नवी गीतयादी देण्यास आरंभ केला. या यादीचा एक मुख्य आधार असा की, ज्यांच्या निवडी परस्परांशी जुळतात अशा श्रोत्यांच्या संग्रहांची तुलना करावी आणि एकाजवळ असलेले पण दुसऱ्याने न ऐकलेले गीत दुसऱ्यापुढे ठेवावे.

या यंत्राची निंदा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. यंत्राजवळ अफाट भांडार आहे; ते कोणाच्या अभिरुचीला नाक मुरडीत नाही; मुलीसाठी गीत मागणाऱ्या बापाला ते अपमानित करून परत पाठवीत नाही. वंशकथनाचा उपाय तर त्याने विक्रेत्याहून कितीतरी अधिक विस्ताराने राबविला आहे. परंतु ते आज्ञार्थ वापरू शकत नाही. 'तिसऱ्या गीतापर्यंत थांबा' हे वाक्य ज्याने स्वतः थांबून ऐकले त्यानेच उच्चारावयाचे असते. यंत्र साम्य दाखविते. ते कशाची ग्वाही देत नाही. ज्याला काही आवडलेच नाही त्याने केलेली निवड उपयुक्त असू शकेल, पण ऑस्टिन यांच्या अर्थाने ती शिफारस नव्हे.

हा प्रकार संपुष्टात आलेला नाही. 'अमीबा'चे हॉलिवुड येथील दुकान महासाथीत जुनी जागा सोडून २०२१ मध्ये नव्या जागी उघडले, आणि अन्यत्रही लहान दुकानांतून हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आढळतात. परंतु नवी तबकडी आली की जुनी चिठ्ठी टोपलीत जाते. संगीताच्या स्वीकाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला वृत्तपत्रीय परीक्षणे मिळतील, विक्रीचे आकडे मिळतील. पण एका माणसाने दुसऱ्याला 'हे ऐका' म्हणून नेमके काय सांगितले, हे मिळणार नाही. भाषेच्या अभ्यासकाने या चिठ्ठ्या जमविणे अगत्याचे आहे. मात्र जमविताना चिठ्ठीसोबत तिचा खण, तिची तारीख आणि तिच्या तळचे नाव हीही टिपून घ्यावीत, कारण ती सुटली तर हाती केवळ वाक्ये राहतील, शिफारस राहणार नाही.