न्यूनत्वबोधक ‘परी’

आमच्या शालेय व्याकरणांत पण, परंतु, परी, किंतु या उभयान्वयी अव्ययांस ‘न्यूनत्वबोधक’ अशी संज्ञा आहे. पहिल्या वाक्यांत कांहीं उणीव आहे असें दुसरें वाक्य सांगतें, हा तिचा अर्थ. ‘जरी–तरी’ ही जोडी मात्र ‘जर–तर’च्या पंक्तीस, संकेतबोधकांत बसविलेली असते. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी सदोष आहेत, आणि त्यांचें फळ इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस भोगावें लागतें.

‘जरी–तरी’ ही अट नव्हे. तो अभ्युपगम आहे, म्हणजे समोरच्याचें म्हणणें तेवढ्यापुरतें मान्य करून आपलें म्हणणें कायम ठेवणें. इंग्रजींत हें काम ‘दो’ करतें. ‘बट’ हें अव्यय दोन समान योग्यतेचीं वाक्यें समोरासमोर उभीं करतें. ‘दो’ ज्या वाक्याच्या आरंभीं येतें त्यास गौण करतें, मग तें वाक्य आधीं येवो वा मागाहून. म्हणून ‘दो’ने आरंभ केल्यावर पुढें ‘बट’ घालतां येत नाहीं. मराठी विद्यार्थी तें हमखास घालतो, कारण ‘जरी’मागून ‘तरी’ ऐकण्याची त्याच्या कानांस संवय आहे. ‘यट’ घातल्यास चालतें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत ही जोडी आढळते. ‘डिस्पाइट’पुढें मात्र वाक्य न येतां नाम येतें, आणि ‘इन स्पाइट’ला लागणारें ‘ऑफ’ त्यास लागत नाहीं.

परंतु नियम पाठ झाले म्हणजे विषय समजला असें नव्हे. ‘मुलगा गरीब आहे, पण हुशार आहे’ आणि ‘मुलगा हुशार आहे, पण गरीब आहे’ या दोन वाक्यांतील माहिती एकच आहे. तरी पहिलें ऐकून आपण त्याच्या शिक्षणाची सोय पाहूं. दुसरें ऐकून सुस्कारा टाकूं व गप्प बसूं. ‘पण’नंतर जें येतें तोच निकाल ठरतो.

याचें उत्तम उदाहरण शोधण्यास विलायतेस जावें लागत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें पुरेसें आहे. तेथें गांवकुसाचें काम चालू असतां कुसूं कोसळून १३३८ सालीं चोखोबांचा अंत झाला, असें परंपरा सांगते. त्यांच्या प्रसिद्ध अभंगांत ऊस, धनुष्य व नदी यांचे दृष्टांत आहेत, आणि अखेरीस स्वतः चोखोबा आहेत. प्रत्येक ठिकाणीं वरचें वांकडेपण आधीं मान्य केलें आहे, मग ‘परी’ येतें, आणि मग आंतलें निर्दोषपण. येथें ‘परी’ने कोणती न्यूनता दाखविली? दाखविली ती पूर्णता. आमच्या व्याकरणाची संज्ञा या एका अभंगापुढें टिकत नाहीं.

समाज हेंच वाक्य उलट क्रमानें बोलत होता : भक्त थोर, पण जातीनें महार. चोखोबांनीं वस्तुस्थिति नाकारली नाहीं. त्यांनीं ‘परी’च्या अलीकडचें व पलीकडचें यांची अदलाबदल केली. तरीहि पंढरीस त्यांची समाधि महाद्वाराबाहेरच राहिली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालीं मंदिराचें दार अस्पृश्यांस उघडलें. समाजाचें तें ‘पण’ सहाशें वर्षें पुरलें!

म्हणून आमची सूचना अशी कीं, ‘न्यूनत्वबोधक’ ही संज्ञा सोडून ‘विरोधदर्शक’ ही स्वीकारावी, आणि ‘जरी–तरी’स अभ्युपगमाचें स्वतंत्र प्रकरण द्यावें. इंग्रजी शिकवितांना ‘दो’ आणि ‘बट’ यांच्या याद्या घोकून घेण्यापूर्वीं शिक्षकानें विद्यार्थ्यास एवढेंच विचारावें : यांतलें काय तूं मान्य करतोस, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत काय राहावें अशी तुझी इच्छा आहे? याचें उत्तर ज्यास देतां आलें, त्याचें अव्यय सहसा चुकणार नाहीं.