वेगळेपणाला कारण हवं

वेळ कळण्यासाठी चावीच्या घड्याळाची गरज आता कुणालाच उरलेली नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेकोनं क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळधंद्यातल्या निम्म्याहून अधिक नोकऱ्या गेल्या. याच पडझडीत, १९८५ साली, स्वेन्ड आन्देर्सन आणि व्हिन्सेंत कालाब्रेसे यांनी स्वतंत्र घड्याळकारांची अकादमी स्थापन केली. मोठ्या कंपन्यांनी आशा सोडलेली कला एकेकट्या कारागिरांनी जगवली. आज त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ आहे. म्हणूनच या कलेला कठोर कसोटी लावायला हवी. माझी कसोटी एकच आहे: घड्याळ वेगळं दिसतं, त्याला आतल्या मशीनमध्ये काही कारण आहे का?

उर्वर्क या कसोटीला उतरतं. फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय यांच्या या घड्याळांत नेहमीचे काटेच नाहीत. ‘यूआर-१००’मध्ये फिरत्या चौकटीवर तीन तुकडे आहेत आणि प्रत्येकावर चार आकडे. चालू तासाचा आकडा मिनिटांच्या कमानीवरून सरकतो. तो कमान संपवून बाहेर पडतो, तोवर दुसऱ्या तुकड्यावरचा पुढचा आकडा आत आलेला असतो. ही युक्ती सतराव्या शतकात रोमच्या काम्पानी बंधूंनी पोप अलेक्झांडर सातवे यांच्या रात्रीच्या घड्याळात वापरली होती. उर्वर्कचा आकार अंतराळयानासारखा असला, तरी तो या फिरत्या तुकड्यांना जागा देण्यातून घडला आहे.

फ्राँस्वा-पॉल जूर्न यांचं ‘क्रोनोमेत्र आ रेझोनान्स’ (२०००) त्याहून खोल जातं. एकाच केसमध्ये झोके घेऊन लय राखणारी दोन बॅलन्स व्हील, दोन स्प्रिंगा, चक्रांच्या दोन स्वतंत्र रांगा. दोन्ही बॅलन्स इतके जवळ बसवलेले असतात की एकाची कंपनं पट्टीतून दुसऱ्यापर्यंत पोचतात आणि दोघं एका लयीत येतात. मग एकाची चूक दुसरा आवरतो. लंबकांमधला असा मेळ डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६६५ मध्येच टिपला होता. जूर्न यांनी तो मनगटावर आणला. तबकडीवर शेजारी-शेजारी दिसणारी दोन वर्तुळं शोभेची नाहीत. तिथे खरोखर दोन घड्याळं चालू आहेत.

जपानचे मासाहिरो किकुनो यांनी तर ‘तास’ म्हणजे काय, इथूनच सुरुवात केली. १८७३ पूर्वी जपानमध्ये दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत. उन्हाळ्यात दिवसाचे भाग लांबत, हिवाळ्यात आखडत, आपल्या प्रहरांसारखेच. किकुनोंच्या घड्याळात तासांच्या खुणाच वर्षभर आपोआप जवळ येतात आणि दूर जातात. दिवस सूर्याच्या चालीनं मोजावा, हा जुना विचार त्यांनी दातेरी चक्रांत बसवला. एवढ्या लहान जागेत एवढा मोठा विचार मावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

फिलिप द्युफूर यांचं ‘सिम्प्लिसिटी’ (२०००) मात्र समोरून अगदी साधं आहे: तास, मिनिटं, छोटा सेकंदकाटा. ते उलटं करावं, मग कळतं. मशीनच्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या तासून, जेन्शियन या वनस्पतीच्या वाळक्या काडीनं चमकवलेल्या असतात. दोन कडा आतल्या बाजूला मिळतात तिथला कोपरा सुईसारखा टोकदार असतो. फिरतं यंत्र तो कोपरा गोल करून टाकतं, त्यामुळे तिथे हातातली कानसच चालते. असे कोपरे मोजले की कुठे माणसाचा हात होता ते समजतं.

कॉन्स्टँटिन चायकिन यांचं ‘जोकर’ (२०१७) सीमारेषेवरचं. त्याचं मूळ मशीन बाहेरून घेतलेलं आहे. पण एका डोळ्याचं बुबुळ तास दाखवतं, दुसऱ्याचं मिनिटं आणि तोंडात चंद्रकला. चेहरा हीच वेळ वाचायची रीत झाली, म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. तयार मशीन विकत आणून त्यावर चमत्कारिक केस चढवणाऱ्या आणि स्वतःला ‘स्वतंत्र’ म्हणवणाऱ्या अनेकांना मात्र हे श्रेय देता येत नाही. मॅक्सिमिलियन ब्यूसर स्वतः घड्याळकार नाहीत; पण आपल्या ‘एमबी अँड एफ’ कंपनीच्या प्रत्येक घड्याळामागच्या कारागिरांची नावं ते उघडपणे सांगतात. हा प्रामाणिकपणा सगळ्यांनी उचलावा.

पैसा आता भरपूर आहे. द्युफूर यांचं ठोके देणारं एक घड्याळ २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ४७ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना गेलं. फॅशन कंपनी शनेलनं २०१८ मध्ये जूर्नमध्ये आणि २०२४ मध्ये एमबी अँड एफमध्ये हिस्सा घेतला. पैशानं कार्यशाळा टिकते, पण हात तयार व्हायला वर्षंच जावी लागतात. मॅन बेटावर घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांनी तरुण रॉजर स्मिथचं पहिलं घड्याळ नापसंत केलं. स्मिथ परत गेले, कित्येक वर्षं खपून दुसरं केलं, तेव्हा कुठे पसंतीची मान हलली. आज ते स्वतः पुढच्यांना शिकवतात.

या कलेचं भवितव्य अशा नकारांवर आणि अशा चिकाटीवर ठरणार आहे. लिलावाचा आकडा फार तर मागणी सांगतो. घेणाऱ्यानं आणि लिहिणाऱ्यानं दोनच प्रश्न धरून ठेवावेत: हे असंच का केलं, आणि कुणी केलं? ज्या घड्याळाकडे दोन्हींची उत्तरं आहेत, त्याचं वेगळेपण फॅशन उलटल्यावरही टिकेल.