एका शैवाकाच्या १२६ जाती

शैवाक म्हणजे कवक आणि शैवाल यांचे सामाईक बिऱ्हाड, एवढे आपण वर्गात सांगतो. दगडफूल हे त्याचे मसाल्याच्या डब्यातले उदाहरण. पण शैवाकाची जाती ठरवतात कशी, हे सहसा सांगितले जात नाही. त्यासाठी रॉबर्ट ल्यूकिंग, मानुएला दाल फोर्नो व सहकाऱ्यांचा २०१४ सालचा शोधनिबंध चिकित्सकपणे वाचण्याजोगा आहे.

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील डोंगराळ जंगलांत आणि त्यांच्या वरच्या गवताळ पठारांवर कोरा हे पंख्याच्या आकाराचे शैवाक वाढते. यातील कवक अळिंबीच्या गणातले, तर जोडीदार नील-हरित जीवाणू. दीर्घकाळ या सगळ्याला एकच जाती समजत. या गटाने अनेक नमुन्यांच्या डीएनएमधील 'आयटीएस' हा भाग तपासला आणि कोरा व कोरेला या दोन प्रजातींत मिळून १२६ जाती असल्याचे मांडले.

निबंधाचे बळ कशात आहे? शैवाके ओळखताना पोटॅश व विरंजक द्रावणाचे थेंब टाकून रंगबदल पाहण्याची पद्धत न्युलांडर यांनी १८६६ मध्ये रूढ केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतील ग्राफिडेसी कुळावर झालेल्या कामातही बीजाणूंबरोबर रसायनांचा आधार घेतलेला दिसतो. कोरामध्ये अशी रसायनेच नसल्याने ही वाट बंद होती. मात्र लेखक डीएनएवर थांबले नाहीत. ते नमुन्यांकडे परतले आणि रंग, लव, कडा, वाढण्याची जागा यांतले फरक त्यांनी शोधले. भेद डोळ्यांना दिसत होते, पण ते महत्त्वाचे आहेत हे कोणी मानले नव्हते.

आता उणिवा. एकाच डीएनए-भागावर भिस्त ठेवली, तर दोन जातींमधील रेषा कुठे ओढायची हे बरेचसे संशोधकाच्या निर्णयावर राहते. शिवाय याच निबंधात एकूण जाती चारशेहून अधिक असाव्यात, असा अंदाज आहे. तो नकाशा व पर्यावरणाच्या माहितीवरून केलेला आहे, मोजणीतून आलेला नाही. बातमीत हा फरक सहज पुसला जातो.

पुढे २०१७ मध्ये कोराच्या ७० नव्या जातींचे वर्णन एकाच लेखात आले. सत्तर हा आकडा डेव्हिड हॉक्सवर्थ यांच्या सत्तराव्या वाढदिवसाने ठरवला, निसर्गाने नव्हे! अशा वेगवान वर्गीकरणात वर्णने आटोपशीर असतात. थोड्या नमुन्यांवरून एका जातीत किती विविधता असते हे कळत नाही, आणि हा आक्षेप रास्त आहे.

तरीही घाईला कारण आहे. सर्वत्र आढळणाऱ्या एका जातीची कोणी काळजी करत नाही. तिच्या जागी लहानशा प्रदेशापुरत्या अनेक जाती असतील, तर एक डोंगर उजाड झाल्याने एखादी कायमची जाऊ शकते. फ्लॉरिडातील 'कोरा तिमुकुआ' २०२० मध्ये संग्रहालयातील जुन्या नमुन्यांवरून ओळखली गेली. नाव मिळाले तेव्हाच ती नामशेष झाली असावी, अशी शंका होती.

शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. मात्र ओळखलेल्या जाती, नाव दिलेल्या जाती आणि अंदाजलेल्या जाती हे तीन आकडे फळ्यावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. प्रत्येकामागे कोणता पुरावा आहे, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.