यजमान कोण? : माझगावातील नेटवर्क मार्केटिंगच्या पहिल्या मोठ्या संमेलनाची समीक्षा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने 'प्रयोग' या संज्ञेखाली पुष्कळ काही अभ्यासले आहे. कीर्तन, तमाशा, संगीत नाटक, शाहिरी जलसा आणि कामगार रंगभूमी यांबरोबरच राजकीय सभेतील वक्तृत्वाचाही विचार विद्यापीठीय पातळीवर झालेला आहे. मात्र नव्वदोत्तरी कालखंडात मुंबईतील नाट्यगृहे, मंगल कार्यालये आणि महाविद्यालयीन सभागृहे रविवारी सकाळी ज्या एका प्रयोगाने भरू लागली, त्या नेटवर्क मार्केटिंगच्या 'बिझनेस कॉन्फरन्स'कडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. वाणिज्य शाखेने या व्यवसायाची वितरणपद्धती पाहिली, विधी शाखेने त्यातील फसवणूक तपासली. व्यासपीठ मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रयोगाच्या एका विशिष्ट अवस्थेचा, म्हणजे एखाद्या गटाच्या 'पहिल्या मोठ्या संमेलना'चा विचार केला आहे. तोपर्यंत दहा-पंधरा जणांच्या घरगुती बैठका घेणारा गट जेव्हा प्रथमच हजार खुर्च्यांचे सभागृह घेतो, तेव्हा निमंत्रक कोण, खर्च कोणाचा आणि मान कोणाचा, हे प्रश्न उघडे पडतात. पुढच्या संमेलनांत ते सवयीने झाकले जातात. माझे प्रतिपादन असे की, या संमेलनात विकली जाणारी मुख्य वस्तू साबण, पूरक आहार वा व्यवसायसंधी ही नसून यजमानपण ही आहे. आणि ते विकत घेणारा यजमान ठरतो, मालक ठरत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. थेट विक्री करणारी प्रत्येक कंपनी फसवी असते असे या लेखाचे म्हणणे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1979 मध्ये अ‍ॅमवेच्या योजनेला पिरॅमिड ठरवण्यास नकार दिला, तो न विकलेला माल परत घेणे व प्रत्यक्ष ग्राहकांना विक्री करणे अशा तिच्या नियमांच्या आधारावर. आपल्याकडे प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट 1978 चा आहे. त्याचा आधार घेऊन आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2007 मध्ये त्याच कंपनीविरुद्ध कौल दिला होता. पुढे 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे आणि ग्राहक संरक्षण कायद्याखालील 2021 चे थेट विक्री नियम आले. कायद्याची रेषा कोठे आहे हा वाद न्यायालयांचा आहे. समीक्षेचा प्रश्न निराळा आहे, कारण कायदेशीर कंपनीचे संमेलन आणि बेकायदा कंपनीचे संमेलन रंगमंचावर जवळजवळ सारखेच दिसते.

पहिल्या संमेलनाची पहिली यजमानीण

या प्रकाराचा उगम शोधता 1954 च्या एप्रिलमधील एका प्रसंगापाशी जावे लागते. टपरवेअर कंपनीने दुकानांतील विक्री 1951 मध्ये बंद करून गृहिणींच्या घरगुती मेळाव्यांवर सारा भर दिला आणि त्या पद्धतीची सूत्रे ब्राउनी वाइज या बाईंच्या हाती दिली. तीन वर्षांनी फ्लोरिडातील किसिमी येथे त्यांनी विक्रेत्या स्त्रियांचे पहिले मोठे संमेलन भरवले. तेथे बक्षिसे जमिनीत पुरून ठेवली होती. शेकडो स्त्रियांच्या हाती फावडी देण्यात आली आणि त्यांनी ती खणून काढली. भाषणे, गाणी, सत्कार हे सारे होतेच; पण प्रयोगाचा गाभा हे उत्खनन होते. ज्या बाईला तोवर घरात वा बाजारात कोणी नावाने ओळखत नव्हते, ती चिखलाने भरलेल्या हातांनी स्वतःचे बक्षीस उचलत होती. हे दृश्य हास्यास्पद म्हणून सोडून देणे सोपे आहे. माझ्या मते ते अत्यंत हुशार रंगसूचन आहे, कारण देणारा अदृश्य राहतो आणि घेणारीला वाटते की आपण खणले म्हणून मिळाले.

त्याच वर्षी ब्राउनी वाइज 'बिझनेस वीक' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. 1958 च्या प्रारंभी कंपनीने त्यांना दूर केले, तेव्हा त्यांच्या नावावर कंपनीचा एकही समभाग नव्हता. एक वर्षाचे वेतन देऊन त्यांची बोळवण झाली. संमेलन त्यांनी कल्पिले, भरवले, गाजवले. परंतु ज्या घरात त्यांनी पाहुणे बोलावले ते घर त्यांचे नव्हते.

भारतात टपरवेअर व मोदीकेअर 1996 च्या सुमारास आणि अ‍ॅमवे 1998 मध्ये विक्रीत उतरल्या. माल त्यांचा होता तसा हा रंगप्रकारही त्यांच्याबरोबर आला.

माझगावातील प्रयोग

काही वर्षांपूर्वी माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका सभागृहात अशाच एका गटाच्या पहिल्या मोठ्या संमेलनाला मी श्रोता म्हणून उपस्थित होते. कंपनीचे नाव येथे गैरलागू आहे. गट स्थानिक होता. बीआयटी चाळी, ताडवाडी, भायखळा, लालबाग, शिवडी या भागांतील माणसे त्यात होती. गोदीतील वा गिरणीतील निवृत्त वडील आणि कुरियर, कॉल सेंटर, खासगी शिकवणी अशा कामांतील मुले, असे अनेक कुटुंबांचे स्वरूप होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागली, 1989 पासून न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि गोदीतील हातांचे कामही आटले. अशा वस्तीत 'स्वतःचा व्यवसाय' या शब्दांना जे वजन आहे, ते सुखवस्तू माणसाला चटकन कळत नाही.

प्रयोगाची रचना सांगते. दारात फुलांची रांगोळी, अत्तरदाणी, पेढे. छातीवर 'स्वागत समिती' असा बिल्ला लावलेले सुमारे साठ कार्यकर्ते. आत मोठ्या आवाजातील हिंदी चित्रपटगीते आणि टाळ्यांची तालीम. होय, टाळ्यांचीही तालीम घेतली जाते. मग आकृती काढून 'प्लॅन' दाखवला जातो. त्यानंतर सहा अनुभवकथने, सत्कार आणि शेवटी बाहेरगावाहून आलेल्या मुख्य वक्त्याचा प्रवेश. तो येतो तेव्हा साऱ्यांनी उभे राहायचे असते. चार तासांच्या कार्यक्रमात उत्पादनांना मिळालेला वेळ मी घड्याळात पाहिला. तो पंचवीस मिनिटांच्या आत होता.

नारदीय कीर्तनाशी या रचनेचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. प्लॅन हा पूर्वरंग, अनुभवकथन हे आख्यान. तथापि दोन ठिकाणी हे साम्य तुटते. कीर्तनकार स्वतःचे चरित्र सांगत नाही, आणि श्रोता आरतीच्या तबकात पैसे टाकतो ते कीर्तन ऐकल्यानंतर व स्वेच्छेने. येथे पैसे आधी आणि ठरलेले असतात.

या पैशाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्यांत माझी एक सहकारी होती. ती तासिका तत्त्वावर शिकवते. वर्षातील काही महिने तिला मानधन नसते आणि जे असते ते वेळेवर मिळेलच असे नाही. तिने चारशे रुपयांची तीस तिकिटे, म्हणजे बारा हजार रुपयांची, आगाऊ रक्कम भरून घेतली होती. अकरा खपली. उरलेल्या एकोणीस तिकिटांचे सात हजार सहाशे रुपये तिचे स्वतःचे गेले. याबद्दल विचारता ती म्हणाली, "मॅडम, घरच्या कार्याला खर्च होतोच ना!" हे उत्तर तिला कोणी पढवले असेल असे मला वाटत नाही, ते आपल्या संस्कृतीतून आले आहे. लग्नकार्यात, गणपतीत, सत्यनारायणात यजमानाने हिशेब करायचा नसतो. संमेलनाचे अर्थशास्त्र नेमके या संकोचावर उभे आहे.

गिरणगावात तिकिटे खपवणे नवे नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात हौशी कामगार मंडळांची नाटके लागत, तेव्हा मंडळाची पोरे चाळीचाळींतून तिकिटे घेऊन फिरत. परंतु ती न खपल्यास तोटा मंडळाचा असे आणि तो वर्गणीतून भरला जाई. येथे सभागृह रिकामे राहिल्याचा तोटा सर्वांत खालच्या पायरीवरील व्यक्ती एकेकट्याने सोसते. संमेलने, ध्वनिफिती व पुस्तके यांची विक्री हाच वरच्या पायरीवरील काही वितरकांचा मोठा धंदा असतो, हा आक्षेप अमेरिकेत जुना आहे. स्टीफन बटरफील्ड यांनी 1985 च्या आपल्या पुस्तकात तो आतून पाहून मांडला. अ‍ॅमवेच्याच क्विक्स्टार कंपनीविरुद्ध वितरकांनी लढवलेल्या दाव्यात 2010 मध्ये तडजोड झाली, तेव्हाही हा प्रश्न पुढे आला होता. आपल्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांत विक्रेत्याने इतरांना प्रशिक्षणसाहित्य विकत घेण्यास भाग पाडू नये असे म्हटले आहे. पण भाग कोणी पाडले? माझ्या सहकारीने तिकिटे आनंदाने घेतली होती.

व्यासपीठावरून पुढच्या संमेलनासाठी एक आवाहन झाले: प्रत्येकाने पाच नवी माणसे आणायची. हजारांच्या सभागृहाचे पाच हजार होतील, मग पंचवीस हजार, सव्वा लाख, सव्वासहा लाख, सव्वाएकतीस लाख. त्यानंतरच्या संमेलनाला एक कोटी छप्पन्न लाख पंचवीस हजार श्रोते लागतील. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे एक कोटी चोवीस लाख होती. हा गुणाकार सातवीचा विद्यार्थी करील. सभागृहात बसलेल्या पदवीधरांना तो येत नव्हता असे नव्हे. टाळ्यांच्या तालमीनंतर तो करावासा वाटत नाही, हे या प्रयोगाचे यश आहे.

अनुभवकथन आणि 'मी'

साहित्याच्या अभ्यासकाला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग अनुभवकथनांचा. सहाही कथने एकाच घाटाची होती: दहा बाय दहाची खोली, वडिलांची नोकरी सुटणे, फीसाठी उसने पैसे, नातेवाइकांनी केलेला अपमान, मग एका संध्याकाळी मित्राने दाखवलेला प्लॅन आणि आता गाडी. सांगणाऱ्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. एका तरुणीचा आवाज वडिलांच्या उल्लेखाला खरोखरच दाटला. प्रश्न त्या दुःखाच्या विनियोगाचा आहे.

माझगावाला लागूनच असलेल्या नागपाड्याच्या कावाखान्याचे जग दया पवारांनी 'बलुतं'मध्ये मांडले. ते पुस्तक 1978 चे. प्राइझ चिट्सचा कायदाही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग. 'बलुतं'मधील 'मी' आपल्या हलाखीचे कारण जातिव्यवस्थेत व शहराच्या रचनेत शोधतो, आणि ती हलाखी शेवटी कशाने फिटत नाही. संमेलनातील 'मी'ला हलाखी फिटलीच पाहिजे, तीही पंधरा मिनिटांत. त्यासाठी कारण बदलावे लागते. गिरणी का बंद पडली, गोदीतील भरती का थांबली, प्राध्यापकांची पदे का भरली जात नाहीत, यांतील एकही प्रश्न त्या व्यासपीठावर येत नाही. तेथे दारिद्र्याचे कारण एकच असते, 'नोकरदार मानसिकता'. दलित आत्मकथनांनी वैयक्तिक दुःखाला सामाजिक केले होते. हा रंगप्रकार सामाजिक दुःखाला पुन्हा वैयक्तिक करतो, आणि त्यासाठी आत्मकथनाचीच भाषा उसनी घेतो. निकोल बिगार्ट यांनी 'करिझ्मॅटिक कॅपिटॅलिझम' (1989) या अभ्यासात अशा संघटनांना नोकरशाहीऐवजी भावबंधांवर चालणाऱ्या संस्था म्हटले आहे. ते खरेच आहे. मात्र मराठी संदर्भात हे भावबंध कोणत्या वाङ्मयीन परंपरेतून उचलले जातात, हे आपणच तपासले पाहिजे.

दुसरा स्वागताध्यक्ष

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे. काका बाप्टिस्टा याच माझगावातील म्हातारपाखाडीचे. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष बाप्टिस्टा होते. माझगावचा माणूस एका 'पहिल्या मोठ्या संमेलना'चा यजमान होता, तो असा. विशेष म्हणजे त्यांच्या भाषणातील मध्यवर्ती कल्पना भागीदारीची होती: मालक व कामगार हे श्रमाचे खरेदीदार व विक्रेते नसून सहकारी आहेत. पुढे रजनी पाम दत्त यांच्यासारख्या साम्यवाद्यांनी या कल्पनेच्या मवाळपणावर टीका केली, आणि ती सर्वस्वी चूक नव्हती.

शंभर वर्षांनंतर त्याच परिसरातील व्यासपीठावर 'पार्टनर' हाच शब्द दर दोन मिनिटांनी उच्चारला जात होता. कामगारांच्या त्या सभेतही सदस्यनोंदणी होती, वर्गणी होती, भावनेला आवाहन होते. तेव्हा केवळ या गोष्टींवरून दोहोंत भेद करता येणार नाही. भेद असा की बाप्टिस्टांची भागीदारी ही सभागृहाबाहेरच्या मालकाकडे केलेली मागणी होती. ती मवाळ असेल, पण तिला समोर कोणीतरी होते. संमेलनातील भागीदारीला समोर कोणी नाही. मागायचे ते शेजारच्या खुर्चीवरच्याकडे, आणि तोही आपल्याचसारखा भाड्याच्या खोलीतला.

फेब्रुवारी 2024 मध्ये दादरला उघडलेल्या टोरेस या दागिन्यांच्या दालनात आठवड्याला परतावा आणि नवा गुंतवणूकदार आणल्यास वर मोबदला असे आमिष होते. 6 जानेवारी 2025 रोजी बंद दालनासमोर लोक जमले, तेव्हा अनेकांनी आपल्या नातेवाइकांना आपणच आणल्याचे सांगितले. ते प्रकरण थेट विक्रीचे नव्हे, सरळ गुंतवणुकीचे. त्याची तुलना माझगावच्या गटाशी करणे अन्यायाचे होईल. पण आपण बोलावलेल्या माणसासमोर उभे राहण्याची लाज दोन्हीकडे एकच आहे. तक्रार उशिरा होते ती पुष्कळदा या लाजेमुळे.

महाविद्यालयांपुरता प्रश्न असा की, रविवारी आपली सभागृहे भाड्याने जातात. माझगावच्या त्या संमेलनाच्या भाडेपावतीवर 'आयोजक' म्हणून कंपनीचे नाव नव्हते, मुख्य वक्त्याचेही नव्हते. ते तेवीस-चोवीस वर्षांच्या एका तरुणाचे होते. अनामत रक्कम त्याने भरली होती, आणि खुर्च्यांची मोडतोड झाल्यास भरपाई देण्याच्या हमीपत्रावर सहीही त्याचीच होती. मुख्य वक्ता विमानतळाकडे निघाल्यावर तो मुलगा सभागृहाच्या कर्मचाऱ्याबरोबर रांगेरांगेने खुर्च्या मोजत होता.