धडपडणारा विनोदकार आणि त्याचा ‘मी’ : मालिका, तमाशा आणि मराठवाड्याचे एकपात्री

१

विनोदकाराला नायक करणाऱ्या कथनात एक अडचण अंगभूत असते. गायक-नायकाचे गाणे चांगले आहे हे कथेतील श्रोत्यांच्या मुद्रेवरून सुचविता येते. कवी-नायकाची कविता न ऐकविताही तो थोर कवी असल्याचे वाचक मान्य करतो. विनोदकाराची मात्र अशी सोय नाही. त्याचा विनोद प्रत्यक्ष सादर करावा लागतो आणि तो साधला की फसला याचा निर्णय तेथल्या तेथे लागतो. शिवाय हा निर्णय दोन प्रेक्षक देत असतात : कथेच्या आत बसलेला प्रेक्षक आणि कथा पाहणारा प्रेक्षक. आतील प्रेक्षक गप्प राहतो तेव्हाच बाहेरील प्रेक्षक बहुधा हसतो. फसलेला विनोद हाच मालिकेचा साधलेला विनोद ठरतो. धडपडणाऱ्या विनोदकारावरील प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचे सारे संकेत या दुहेरी प्रेक्षकत्वातून निघतात.

या प्रकाराची दोन अमेरिकन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड यांची ‘साइनफेल्ड’ (१९८९–१९९८) आणि पीट होम्स यांची ‘क्रॅशिंग’ (२०१७–२०१९). दोहोंतही नट आपल्याच नावाने वावरतो. ‘साइनफेल्ड’च्या आरंभीच्या वर्षांत भागाच्या सुरुवातीस आणि शेवटी जेरी रंगमंचावर एकटा उभा राहून बोलतो, मधल्या कथाभागात त्या बोलण्याचा कच्चा माल असतो. ‘जगणे म्हणजे विनोदाची सामग्री’ हा या प्रकाराचा पहिला संकेत येथे रचनेतच रुजविलेला आहे. चौथ्या वर्षात जेरी आणि त्याचा मित्र जॉर्ज ‘कशाविषयीच नसलेली’ मालिका एका वाहिनीला विकू पाहतात, तेव्हा तर मालिका आपलीच निर्मितिकथा सांगू लागते.

जेरी मात्र खऱ्या अर्थाने धडपडणारा नाही. त्याचे बरे चाललेले आहे. धडपड पाहायची तर ‘क्रॅशिंग’कडे वळावे लागते. श्रद्धाळू ख्रिस्ती नायकाची पत्नी दुसऱ्या पुरुषाच्या नादी लागते, संसार मोडतो आणि तो न्यूयॉर्कमध्ये इतर विनोदकारांच्या घरी कोचावर झोपून दिवस काढतो. रंगमंचावर काही मिनिटे मिळावीत म्हणून रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाइके गोळा करतो. घर मोडणे, आश्रयदात्यांची माळ, सभागृहातील जीवघेणी शांतता आणि या साऱ्यातून अनुभवाचे भांडवल गोळा होणे, असा त्याचा क्रम आहे.

या क्रमात एक अंतर्विरोध आहे. धडपड ही रेषेत जाणारी गोष्ट आहे. तिला आरंभ असतो आणि यश किंवा अपयश असा शेवट असतो. प्रसंगनिष्ठ मालिका वर्तुळात फिरते. प्रत्येक भागाच्या अखेरीस पात्रे जवळपास मूळ जागी परततात. म्हणून विनोदकार-नायकाला सतत थोडेसे मिळत राहावे आणि ते लगेच हातचे जावे लागते. त्याचे अपयश ही घटना नसून मालिकेची व्यवस्था असते. ‘साइनफेल्ड’च्या कर्त्यांनी कोणी कोणाला मिठी मारायची नाही आणि कोणी काही शिकायचे नाही असा दंडक पाळला, तो याच व्यवस्थेचा प्रामाणिक स्वीकार होय.

२

मराठीत विनोदकाराच्या धडपडीची कथा नाही असे नाही. ती तमाशाच्या कनातीत सापडते. वसंत सबनिसांनी लिहिलेल्या आणि दादा कोंडके यांनी निर्मिलेल्या ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटातील भोळसट नाम्या तमाशाच्या ओढीने आईचा रोष ओढवून घेतो, घराबाहेर पडतो आणि फडात उभा राहतो. आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) मधील गुणा हा सोंगाड्या नव्हे, नाच्या आहे; पण कलेसाठी घराला पारखे होण्याचे सूत्र तेच आहे आणि तेथे ते शोकांत वळण घेते.

या दोन कथांची अमेरिकन मालिकांशी तुलना केली असता एक फरक स्पष्ट होतो. तिकडे नायकाच्या गुणवत्तेविषयी शंका असते. त्याच्या प्रतिष्ठेविषयी नसते. आपल्याला हसविता येते काय, हा त्याचा प्रश्न. नाम्या किंवा गुणा यांच्या गुणवत्तेविषयी कथेला शंका नाही. फडापुढे बसलेला प्रेक्षक त्यांना दाद देतोच. दाद देत नाही ते घर आणि गाव. तिकडील नायकाचा शत्रू म्हणजे सभागृहातील शांतता. इकडील नायकाचा शत्रू म्हणजे हशा ओसरल्यानंतर उंबऱ्यात भेटणारी शांतता. हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. हसविण्याचे काम कोणी करावे आणि ते करणाऱ्याला कोणत्या पायरीवर बसवावे, हे ठरविणाऱ्या समाजरचनेचा तो परिणाम आहे.

३

एकट्याने उभे राहून हसविण्याची परंपरा मराठवाड्याला नवी नाही. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशा नाना भूमिकांतून बोलण्याची वाट घालून दिली. गावोगाव फिरणारा बहुरूपी, ज्याला या भागात रायरंद म्हणतात, तो पोलिसाचा वेश करून दारात येतो, घरमालकावर भलतेच गुन्हे लादतो आणि मिळेल ते घेऊन पुढे जातो. तो पोलीस नाही हे घराला माहीत असते. हे घराला माहीत आहे हे त्यालाही माहीत असते. या उघड्या खोटेपणाचाच मोबदला दिला जातो. त्यात रायरंदाचे स्वतःचे नाव, त्याचा प्रवास, त्याची उपासमार यांना कोठेही जागा नसते.

या परंपरेचे आधुनिक रूप म्हणजे लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या नटाने मराठवाडी बोलीतल्या ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. खेड्यातला मुलगा लंडनला जातो, तेथील गोऱ्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आणि सारे वऱ्हाड विमानाने निघते, एवढेच कथानक. २००९ मध्ये देशपांडे यांचे निधन झाले. पुढील काळात बीड जिल्ह्यातील माजलगावचे संदीप पाठक हा प्रयोग सादर करू लागले. एकाच्या देहाशी एकरूप झालेली संहिता दुसऱ्याच्या देहात उभी राहू शकली, ही बाब सैद्धान्तिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. स्टँड-अपचा मजकूर असा हस्तांतरित होत नाही, कारण त्याचा आधार सांगणाऱ्याचा ‘मी’ असतो. ‘वऱ्हाड’ हस्तांतरित होऊ शकले, कारण त्यातील ५२ जणांत देशपांडे नावाचा कोणी नव्हता.

यावर आक्षेप घेता येईल की, मराठी एकपात्रीत ‘मी’ आहेच, पु. ल. देशपांडे यांचे ‘असा मी असामी’ हे त्याचे ठळक उदाहरण. आक्षेप रास्त आहे, पण तो मूळ मुद्द्याला बळच देतो. तेथील ‘मी’, धोंडो भिकाजी जोशी, हा कल्पित मुंबईकर कारकून आहे आणि त्याची भाषा त्याच्या श्रोत्यांचीच भाषा आहे. आपल्या क्षुद्र अडचणी सांगताना त्याला आपण कोण, कोठले, हे समजावून द्यावे लागत नाही. ‘मी’ म्हणून उभे राहण्याची ही मोकळीक आपल्याकडे प्रमाणभाषक मध्यमवर्गाला लाभली. बोलीतून हसविणाऱ्याच्या वाट्याला सोंग आले.

४

येथे भाषेच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. नाट्यशास्त्राने हास्याचे सहा प्रकार मानले आणि ते माणसांच्या प्रतवारीनुसार वाटून दिले : स्मित व हसित उत्तमांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृतात बोलतो. नायकाची संस्कृत त्याला दिलेली नाही. हसविणाऱ्याने खालच्या मानलेल्या भाषेत बोलावे हा संकेत मराठी रंगभूमीने आणि पुढे चित्रपट-दूरचित्रवाणीने फारसा न तपासता पुढे चालविला. नायक प्रमाणभाषेत प्रेम करतो आणि त्याचा मित्र, नोकर किंवा गावाकडचा काका बोलीत हशा मिळवितो.

या संकेताला छेद देणारी उदाहरणेही आहेत. २००५ च्या ‘कायद्याचं बोला’ या चित्रपटात मकरंद अनासपुरे यांचा ग्रामीण ढंगाचा वकील न्यायालयात युक्तिवाद जिंकतो. तेथे बोली हे हशाचे चिन्ह असूनही बुद्धीचे साधन ठरते. तथापि अशी उदाहरणे संकेत मोडीत काढत नाहीत. तो किती घट्ट आहे हेच दाखवितात. त्या वकिलाचा विजय आनंददायक वाटतो, कारण अशा भाषेत बोलणारा माणूस जिंकेल अशी आपली अपेक्षाच नसते.

आता बीड जिल्ह्यातील एखादा तरुण पुण्यात किंवा मुंबईत स्टँड-अपसाठी उभा राहतो अशी कल्पना करू. तो ‘काय करायलाय’ म्हणतो, ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणतो. अजून विनोद सुरूच झालेला नसतो आणि सभागृह हसते. ‘क्रॅशिंग’च्या नायकासमोरचा पेच आणि याच्यासमोरचा पेच यांत येथे नेमका उलटेपणा आहे. त्याला हशा मिळत नाही. याला तो फार लवकर मिळतो. या अकाली हशाने त्याच्या विनोदाची जागा आधीच व्यापलेली असते. पुढे तो जे काही मार्मिक बोलेल ते ‘गावरान’ या सदरात जमा होईल. विशेष म्हणजे ‘मपलं’ या शब्दाचा अर्थच ‘माझे स्वतःचे’ असा आहे. म्हणजे ज्या शब्दाने त्याने ‘मी’ला स्थापावे, तोच शब्द त्याला सोंग बनवितो.

नाट्यशास्त्रातील आत्मस्थ आणि परस्थ या संज्ञांचा अर्थ थोडा ताणून असे म्हणता येईल की, एकाच संहितेतून दोन हशे संभवतात. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाने ‘वऱ्हाड’ पाहताना विमानात बुजलेल्या आपल्याच माणसांवर हसणे आणि अन्यत्रच्या प्रेक्षकाने त्या माणसांच्या बोलण्याच्या ढंगावर हसणे, या एक गोष्टी नव्हेत. पहिल्यात हसणारा स्वतःलाही त्या विमानात बसवितो. दुसऱ्यात तो विमानतळावर उभा राहून पाहतो. संहितेचे विश्लेषण करून हा भेद सापडणार नाही. तो प्रयोग आणि प्रेक्षक यांच्या नात्यात असतो. विनोदी वाङ्मयाच्या आपल्या समीक्षेने हे नाते फार कमी तपासले आहे.

५

अशा तरुणाला नायक करणारी मालिका लिहिली गेली तर तिचा आकृतिबंध कसा असेल? परका आकृतिबंध आहे तसा उचलून भागणार नाही. मालिकेचे वर्तुळ, म्हणजे शेवटी सारे मूळ जागी परतणे, हे न्यूयॉर्कच्या सदनिकेत निश्चिंतीचे लक्षण आहे. कोणाचे काही बिघडले नाही, पुढल्या आठवड्यात पुन्हा भेटू, असा त्याचा अर्थ. बीड जिल्ह्याला मात्र वर्तुळाचा वेगळा अनुभव आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एक कोयता म्हणून, पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या उसाच्या फडात जायचे, कोपीत राहायचे, उन्हाळ्यात परतायचे; आणि फिटली नाही तर उरलेली उचल पुढल्या हंगामावर घ्यायची. दर वर्षी मूळ जागी परतणे हे येथे विनोदाचे तंत्र नाही, ते कर्जाचे तंत्र आहे.

म्हणून तोच आकृतिबंध या भूमीत आला की त्याचा आशय बदलतो. अपयशानंतर नायक पुन्हा पहिल्या जागी आला, एवढ्याने बाहेरील प्रेक्षक हसणार नाही. त्या परतण्याला कोणाचा तरी हिशेब जोडलेला आहे हे त्याला ठाऊक असते. आश्रयदात्यांच्या माळेचा संकेतही असाच पालटतो. येथे कोच देणारा मित्र आणि उचल देणारा मुकादम यांच्यातली रेषा पुसट असते.

यात एक धोका आहे आणि तो कमी लेखून चालणार नाही. दुष्काळ, स्थलांतर, कर्ज ही सामग्री हाती आली की मराठी मालिका ताबडतोब डोळे पुसू लागते. वेदनेचे असे प्रदर्शन आणि बोलीवरचा अकाली हशा हे वरवर परस्परविरोधी वाटले तरी एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. दोहोंत समोरचा माणूस नमुना ठरतो : एकदा करमणुकीचा, एकदा करुणेचा. ‘साइनफेल्ड’चा तो कोरडा दंडक येथे उपयोगी पडेल. कोणी मिठी मारू नये आणि प्रेक्षकाला शिकवूही नये. हिशेब मात्र भागागणिक चालू राहावा.

रायरंदाला आपले नाव सांगण्याची गरज नव्हती, कारण ज्या दारात तो उभा राहत होता ते दार त्याच्याच मुलखातले होते. माजलगावाहून किंवा गेवराईहून निघून परक्या सभागृहात एकटा उभा राहणाऱ्याला ती सोय उरलेली नाही. त्याला सोंग उतरवून ठेवून ‘मी’ म्हणावे लागेल, आणि तेही ‘मपलं’ या शब्दासकट. ते ऐकून सभागृह लगेच हसले नाही, पुढचे वाक्य येईपर्यंत थांबले, तर त्याच्या विनोदाला खऱ्या अर्थाने आरंभ झाला असे म्हणता येईल. अमेरिकन विनोदकाराला जिची धास्ती वाटते, ती क्षणभराची शांतता याला प्रथम मिळवावी लागणार आहे.